बाहुलीचा परकर

बालमित्रांनो, बाहुलीला नवा परकर हवाय? मग दुकानात कशाला जायचं? शिंपीकाकांकडून एखादी सुती चिंधी मागून आणा. रेशमी नको, ती हातातून निसटते.

दोऱ्यानं बाहुलीची कंबर मोजा. ती 10 सेंटिमीटर भरली, तर कापड 20 सेंटिमीटर रुंद कापा. उंची हवी त्यापेक्षा 3 सेंटिमीटर जास्त ठेवा. खालची कड दुमडून धावदोरा घाला. वरची कड जरा जास्त दुमडून शिवा; हा झाला नेफा. आता कापड उलटं करून उभ्या कडा नेफ्याच्या खालपर्यंत जोडा. परकर सुलटा करून नेफ्यात जाड दोऱ्याची नाडी ओवा. ओढा की पडल्या चुण्या!

पहिले टाके वाकडे येतील. येऊ देत! वाया गेलीच, तर एक चिंधी जाईल. आजीची गोधडीसुद्धा याच धावदोऱ्यानं शिवतात, बरं का!

आणि मुलग्यांनो, हसताय काय? शाळेत निघताना शर्टाचं बटण तुटलं, की सुई धरता येणाराच वेळेवर पोचतो!

आईबाबा, सुई हातात देताना जवळ बसा. पण परकर मुलांनाच शिवू द्या.