फीची तारीख आणि संत्र्याचा बहार

पांढुर्णा हे नाव वर्षातून एकदाच वृत्तपत्रांत झळकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ही दोन गावे परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. त्या गोटमारीत कित्येक डोकी फुटतात, छायाचित्रे छापून येतात आणि पुढचे वर्षभर पांढुर्ण्याची कोणी चौकशी करीत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून मध्य प्रदेश सरकारने पांढुर्णा हा नवा जिल्हा निर्माण केला. त्या निमित्ताने तरी तेथील मराठी भाषकांच्या एका निराळ्या अडचणीकडे लक्ष जावे, या हेतूने आम्ही हा विषय आज हाती घेत आहोत. ही अडचण आहे महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या पैशाची.

हा मुलूख संत्र्याचा आणि कापसाचा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे तोडणीस येतात, मृगाचा बहार फाल्गुन-चैत्राच्या सुमारास. कापसाची वेचणीही पावसाळा सरल्यावरच. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो कार्तिकानंतर, आणि महाविद्यालयाची फी भरावयाची असते ज्येष्ठ-आषाढात. नेमकी त्याच वेळी बियाणे, खत आणि मजुरी यांनी त्याची गाठ सुटलेली असते. मग बाप काय करतो? झाडावरचा बहार व्यापाऱ्याला आधीच, पडेल भावाने देऊन टाकतो, घरातले सोने गहाण ठेवतो, किंवा ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ असे मुलाला सांगतो. पुढचे वर्ष सहसा उजाडत नाही. ज्या मुलाचे शिक्षण असे तुटते त्याच्या घरी दारिद्र्य असतेच असे नाही. पुष्कळदा पैसा येणार असतो, पण चार महिने उशिरा. पंधरा-वीस हजार रुपयांसाठी एखाद्याची पदवी हुकावी, ही गोष्ट आम्हाला कोणत्याही मोठ्या घोषणेच्या अभावापेक्षा अधिक लाजिरवाणी वाटते.

त्यात सीमेची भर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर हीच या भागाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि घरात मराठी बोलणाऱ्या सौंसर-पांढुर्ण्याची राजधानी भोपाळ झाली. नकाशावरील रेघ बदलली तरी माणसांच्या वाटा बदलत नाहीत. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्थानक. बाजार, दवाखाना, सोयरीक आणि शिक्षण यांसाठी इकडची माणसे आजही नागपूरलाच जातात, कारण भोपाळ आणि जबलपूर दोन्ही त्यांना फार दूर. परंतु नागपूरच्या महाविद्यालयात पाऊल टाकताच हा विद्यार्थी ‘परराज्यातील’ ठरतो. महाराष्ट्राच्या फीसवलतीसाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो, आणि मध्य प्रदेशाच्या सवलतींचा भर साहजिकच त्या राज्यातील संस्थांवर आहे. कर्नाटकाशी वाद असलेल्या ८६५ गावांतील मुलांसाठी महाराष्ट्राने आपल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा राखून ठेवल्या आहेत. बेळगाव, खानापूर आणि कारवार आमच्या शेजारीच असल्याने गोमंतकीय वाचकांना हे ठाऊक आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या वाट्याला तसा वाद आला नाही, म्हणून तशी सवलतही आली नाही! भांडण न करणाऱ्याचे नाव कोणत्याच यादीत नसते.

शासकीय योजनांचा सुकाळ असताना आणखी एक कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. मध्य प्रदेशाने २०१७ पासून मेधावी विद्यार्थी योजना चालविली आहे. बारावीला मंडळाच्या परीक्षेत सत्तर टक्के गुण मिळविणाऱ्या, उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या मुलाची फी सरकार भरते. उत्तमच आहे. पण बासष्ट टक्के मिळवून, शेतात राबून, बी. एस्सी. होऊ पाहणाऱ्या मुलीचे काय? गुणांची कसोटी लावली की गरज मागे पडते, आणि घरात अभ्यासाला कोपरा नसलेल्याचे गुण कमी का असतात हे सांगावयास शिक्षणतज्ज्ञ नको. केंद्र सरकारने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘पंतप्रधान विद्यालक्ष्मी’ योजना मंजूर केली. तिच्यात तारण नाही, जामीन नाही. परंतु ती आरंभी देशातील सुमारे ८६० नामांकित संस्थांपुरती आहे, आणि तालुक्याच्या गावातील महाविद्यालये त्या मालिकेत बसत नाहीत. अभ्यासक्रम चालू असेपर्यंतचे आणि पुढील एक वर्षाचे संपूर्ण व्याज सरकारने सोसावे अशी सवलत २००९ पासून आहे. तीही साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना आणि तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच. साधा बी. ए., बी. कॉम. होणारा त्या दारातूनही परत फिरतो.

व्याज म्हणजे किरकोळ बाब, असे ज्यांना वाटते त्यांनी जरा हिशेब मांडावा. चार वर्षे दरवर्षी एक लाख रुपये कर्ज घेतले, व्याज दहा टक्के आणि तेही सरळ धरले, तरी शिक्षण संपून एक वर्ष लोटेपर्यंत एक लाख चाळीस हजार रुपये व्याज साचते. पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. व्यापारी भांडवल घेतो आणि दुसऱ्या महिन्यापासून कमावू लागतो, म्हणून त्याने व्याज द्यावे हे समजते. विद्यार्थ्याची कमाई चार-पाच वर्षे दूर असते आणि ती होईलच याची हमी खुद्द विद्यापीठही देत नाही. तेव्हा विद्यार्थ्याला द्यावयाचे कर्ज बिनव्याजीच असले पाहिजे, आणि ते गुणपत्रिका पाहून नव्हे तर गरज पाहून दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही कल्पना नवी नाही. भारत सरकारने १९६३ साली राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजना सुरू केली होती. हुशार पण गरजू विद्यार्थ्यांना वर्षाला ७२० ते १,७५० रुपये, तेही बिनव्याजी, मिळत असत. आणि त्या काळी त्या रकमेत वसतिगृहाचा खर्च पुष्कळसा निघत असे. तिच्यातील एक कलम तर आम्हाला आजही मोहविते. कर्ज घेणारा पुढे शिक्षकी पेशात गेला तर सेवेच्या प्रत्येक वर्षाला कर्जाचा दहावा हिस्सा माफ होई. म्हणजे दहा वर्षे शिकविले की ऋण फिटले. पितृऋण, ऋषिऋण मानणाऱ्या समाजाला याहून सुबोध तरतूद कोणती? ही योजना १९९१ मध्ये बंद पडली. पैसा परत आला नाही, हे तिचे मुख्य दुखणे. परंतु तो का आला नाही? पैसा दिल्लीचा, वसूल करावयाचा राज्याच्या कचेरीने, आणि कर्ज घेणारा मुलगा नोकरीनिमित्त तिसऱ्याच शहरात! त्याचा पत्ता कोणाकडे नव्हता आणि तो शोधण्याची कोणाला निकडही नव्हती. तत्त्व हरले नाही, हरली ती वसुलीची रीत, आणि शिक्षा मात्र तत्त्वाला झाली.

म्हणून हा निधी दिल्लीत किंवा भोपाळमध्ये नव्हे, तर जेथे मुलाला आणि त्याच्या बापाला लोक नावाने ओळखतात तेथे असावा. महाविद्यालये, सहकारी संस्था आणि बागायतदारांच्या संघटना यांनी भांडवल उभे करावे, नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाने त्यात तेवढीच भर घालावी. उत्पन्नाच्या दाखल्यावर सगळी भिस्त ठेवू नये. गारपिटीने बाग झोडपलेल्या वर्षी कागदावरचा बागायतदार भूमिहीनाइतकाच हतबल असतो, हे तहसील कचेरीच्या शिक्क्यापेक्षा वर्गावरील प्राध्यापकाला आधी कळते. रक्कम लहान असावी, पण फीच्या तारखेपूर्वी मिळावी. फेड बहारानंतर घ्यावी, किंवा नोकरी लागल्यावर हप्त्याने. आणि विद्यार्थी नागपुरात शिकतो की छिंदवाड्यात, हे कोणी विचारू नये.

एक आक्षेप मात्र आम्ही हसून टाळणार नाही. कर्ज म्हटले की गरीब घर बिचकते, आणि मुलीच्या बाबतीत अधिकच. कर्ज आपण घ्यावयाचे, पगार सासरी जावयाचा, असा हिशेब अनेक घरांत उघडपणे मांडला जातो. अशा ठिकाणी बिनव्याजी कर्जही पुरे पडणार नाही. तेथे अनुदानच हवे, निदान मुलींच्या प्रवासखर्चापुरते तरी. कर्ज हा शिष्यवृत्तीला पर्याय आहे असे भासवून सरकारने आपले हात झटकले, तर त्या सोंगाला आमचा पाठिंबा नाही. तथापि उलट बाजूही आहे. देणगी घेताना मान खाली जाते, फेडावयाचे ऋण ताठ मानेने घेता येते. डॉ. आंबेडकर १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला परतले, तेव्हा स्वतःची शिल्लक आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज त्यांच्या गाठीशी होते. वेळेवर मिळालेल्या पाच हजारांची किंमत कोणत्या व्याजदराने काढणार?

गोमंतकाने यात का लक्ष घालावे, हेही सांगितले पाहिजे. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय निघेपर्यंत पदवीसाठी आमची मुले मुंबई, बेळगाव, धारवाड गाठीत असत. सरहद्दीपलीकडे शिकणारा, ना इकडचा ना तिकडचा, असा विद्यार्थी आमच्याच घरांतून निघालेला आहे. कोणाच्या आजोबांना ज्ञातिसंस्थेच्या निधीने हात दिला, कोणाला मुंबईच्या एखाद्या शेटजींनी. आज गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे आणि तिच्या आधारावर येथील अनेक मुलांनी परराज्यांत, परदेशांत शिक्षण घेतले. तिच्यातही उणिवा असतील, थकबाकीचा प्रश्न आमच्याकडे नाही असे कोणी म्हणणार नाही. पण जे एका लहान राज्याला जमले ते दोन तालुक्यांच्या जिल्ह्याला लहान प्रमाणावर का जमू नये?

नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या अद्याप आकार घेत आहेत. तेव्हाच ही गोष्ट व्हावी. जिल्हाधिकाऱ्यांनी दोन्ही तालुक्यांतील प्राचार्यांना एकदा बोलवावे आणि गेल्या वर्षी प्रवेश घेऊन फीअभावी किती मुलांनी नाव काढले, एवढीच यादी मागवावी. त्या यादीतील नावांपुढे जी रक्कम येईल तेवढेच भांडवल प्रथम उभे करावे. अर्ज एका पानाचा आणि हिंदीबरोबर मराठीतही असावा, म्हणजे सही करणाऱ्या आईला आपण कशावर सही करीत आहोत हे वाचता येईल. मृग नक्षत्राच्या आधी तो महाविद्यालयाच्या खिडकीवर मिळाला, तर यंदाचा बहार तरी पडत्या भावाने जाणार नाही.