आधी परिभाषा, मग ग्रंथ

वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, तेव्हा परिभाषासंग्रहाचा अठरावा खंड १९७३ मध्ये आधी प्रसिद्ध झाला आणि पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. हा क्रम वरवर उलटा दिसतो. परंतु अनेक लेखकांनी अनेक विषयांवर लिहावयाचे, तर कोणत्या संकल्पनेस कोणता शब्द, हे अगोदर ठरावे लागते.

संगणकप्रणालींच्या मराठी सूचना वाचताना या शिस्तीची उणीव जाणवते. शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा सातबाराचा उतारा, आज व्यवहार पडद्यावर होतो. तेथे एकाच क्रियेला कोठे ‘जतन करा’, कोठे ‘साठवा’, तर कोठे ‘सेव्ह करा’ म्हटलेले असले, की नवख्या माणसास त्या तीन निरनिराळ्या क्रिया वाटतात. ‘रद्द करा’ म्हणजे केलेली दुरुस्ती रद्द की संपूर्ण अर्ज? ‘कागदपत्रे जोडली जावीत’ असे लिहिले, तर ती जोडावयाची कोणी? मुदतीच्या अखेरच्या दिवशी अशा संदिग्धतेची किंमत विद्यार्थ्याचे एक वर्षही असू शकते.

ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. सूचना लिहिणाऱ्याने वाचविलेला एक तास हजारो वाचकांच्या माथी पडतो. ज्याला इंग्रजी येते तो त्यातून सुटतो. ज्याला येत नाही तो दुसऱ्याला पैसे देऊन अर्ज भरून घेतो. म्हणजे भाषेतील हलगर्जीपणा हा गरिबांवरील एक अप्रत्यक्ष करच होय.

यावर उपाय म्हणजे संस्कृतप्रचुर शब्दांचा आग्रह नव्हे. ‘संगणक’ रुळला, तशी ‘फाईल’ही रुळली. प्रश्न शब्दाच्या कुळाचा नसून त्याच्या एकनिष्ठेचा आहे. निबंधात तोच शब्द पुन्हा येऊ नये, हे शाळेत शिकविले जाते; सूचनालेखनात मात्र तोच शब्द पुन्हा येणे हाच गुण होय. एका वाक्यात एकच कृती सांगावी, क्रियापद आज्ञार्थी असावे, पडद्यावरील शब्द जसाच्या तसा द्यावा आणि ती प्रणाली कधीही न हाताळलेल्या माणसाकडून सूचना तपासून घ्याव्यात, एवढे नियम आरंभास पुरेत.

विश्वकोश मंडळ आणि भाषा संचालनालय यांच्याजवळ परिभाषेचे भांडार आहे. शासनाने नवी प्रणाली बनवून घेताना कंत्राटासोबतच शब्दसूची व लेखननियम बंधनकारक करावेत. मराठीला राजभाषेचा मान कायद्याने मिळाला. सामान्य माणसाचे काम न अडविण्याचे सामर्थ्य तिला अशा शिस्तीनेच मिळेल.