न्यूमोनियाच्या निदानात रक्तचाचणी साहाय्यक, निर्णायक नव्हे

आपत्कालीन विभागात ताप आणि धाप लागलेला रुग्ण आल्यावर न्यूमोनिया जिवाणूजन्य की विषाणूजन्य, हे तातडीने ठरवावे लागते. कारण प्रतिजैविके विषाणूंवर निष्प्रभ असतात. त्यासाठी रक्तातील प्रोकॅल्सिटोनिनची पातळी तपासली जाते. जिवाणुसंसर्गात ती सहसा वाढते, विषाणुसंसर्गात कमी राहते. मात्र मायकोप्लाझ्मासारख्या जिवाणूंच्या संसर्गातही ती कमी आढळू शकते. सी-रिॲक्टिव्ह प्रथिन तर संसर्गाविना होणाऱ्या दाहातही वाढते.

अमेरिकेतील १४ रुग्णालयांत १,६५६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोॲक्ट’ अभ्यासात प्रोकॅल्सिटोनिनच्या आधारे प्रतिजैविकांचा वापर घटला नाही. त्यानंतर २०१९ मध्ये तेथील श्वसनविकार आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी, लक्षणे व क्ष-किरण तपासणीतून न्यूमोनिया स्पष्ट झाल्यास ही पातळी कमी असली तरी प्रौढ रुग्णांना प्रतिजैविके सुरू करावीत, अशी शिफारस केली.

अनावश्यक औषधांमुळे जिवाणूंचा प्रतिरोध वाढतो, हे खरे. परंतु गंभीर रुग्णाच्या उपचारातील विलंब प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे औषध रोखून धरण्यापेक्षा, पातळी उतरत असल्याचे पाहून ते वेळीच थांबविण्यासाठी ही चाचणी अधिक उपयुक्त ठरते.