एका मायची पिल्ले, वाढ मात्र वेगळी



भुदरगड तालुक्यातील एका घरातून यावेळी जरा वेगळा प्रश्न आला आहे. थोरल्या मुलाने काचेच्या पेटीत एंजल मासे पाळले. जोडीने अंडी घातली, त्यातली साठएक पिल्ले जगली. आता ती दोन महिन्यांची आहेत. काही रुपयाच्या नाण्याएवढी झाली, काही मात्र सदऱ्याच्या गुंडीएवढीच राहिली. दुकानदार मोठी तेवढीच घेतो म्हणतो. उरलेली रोगट समजून ओढ्यात सोडून द्यावीत काय?

सोडू नका. हाताची पाची बोटे सारखी नसतात हे खरे. पण इथे बहुधा दोष बोटांचा नसून ताटाचा असतो.

डालग्याजवळ दाणे टाकले की काय होते, हे आपल्या घरातील माउलींना सांगायला नको. दांडगे पिल्लू पुढे येते, बाकीच्यांना टोचते. आज चार दाणे जास्त खाल्ले म्हणून उद्या ते अंगाने मोठे होते; मोठे झाले म्हणून परवा आणखी जास्त खाते. माशांचेही तसेच आहे. एंजल मासा दिसायला गरीब, पण आपला कोपरा धरून राखणारा. पुढे गेलेले पिल्लू बारक्यांना हुसकते. बारके भुकेने आणि धाकाने खुरटते. जपानमधील कार्प मासे पाळणारे अशा झपाट्याने वाढलेल्या पिल्लाला ‘तोबी-कोई’ म्हणतात. १९५० नंतरच्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी असे मासे बाजूला काढून पाहिले, तेव्हा मागे राहिलेल्यांतूनच दुसरे पुढे सरकले. त्यांच्या अंगात बळ होते, वाव नव्हता.

दुसरे कारण पाणी. तरवा दाट पडला की रोप पिवळे आणि बारीक राहते. पेटीतही दाटी झाली की विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया होतो. तो वास येण्याआधीच पिल्लांची भूक मारतो. तिसरे कारण थंडी. एंजल हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातला. त्याला २६ ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवते. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पाणी गार पडते आणि वाढ थांबते.

आता करायचे काय ते सांगतो.

१. पिल्लांची निवड करून मोठी व बारकी वेगळी ठेवा. दुसरी काचेची पेटी नसेल तर स्वच्छ धुतलेले प्लॅस्टिकचे मोठे टब चालेल. साबण लावू नका.

२. खाद्य एकदम न टाकता दिवसातून तीन-चार वेळा, पाच मिनिटांत संपेल इतकेच द्या. बारक्यांना त्यांच्या तोंडात मावेल असे बारीक द्या. डासांच्या अळ्या मासे आवडीने खातात, पण त्यासाठी दारात पाणी साचवू नका. डेंग्यू घरात येईल.

३. एक-दोन दिवसांआड तळातील घाण नळीने ओढून पाव हिस्सा पाणी बदला. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. म्हणून ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरा. नवे व जुने पाणी सारखेच कोमट असावे.

४. दर आठवड्याला काचेबाहेर फूटपट्टी धरून वाढ पाहा व वहीत लिहा.

तीन आठवड्यांत जी पिल्ले अंग धरतील, ती उपाशी होती असे समजा. ती विकायला हरकत नाही. जी तरीही वाढणार नाहीत, ज्यांचा कणा वाकडा किंवा पोट खपाटीला गेलेले असेल, ती विकू नका आणि त्यांची पैदासही करू नका.

शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुळ येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले. त्यातूनच पुढे खात्रीचे मत्स्यबीज मिळण्याची वाट मोकळी झाली. तेव्हा बोटुकली घेताना एकाच मापाची मागा. मात्र कटला आणि रोहू यांची तुलना करू नका. कटला जातीनेच लवकर वाढतो.

राहिला ओढ्याचा प्रश्न. मूळ आफ्रिकेतला चिलापी १९५२ साली भारतात आणला गेला आणि आज कितीतरी नदी-तलावांत तो गावठी माशांना पुरून उरला आहे. एंजल त्याच्याच कुळातला. ओढ्यात सोडलेला मासा पुढे वेदगंगेला जातो. तेव्हा न वाढलेली पाच-सहा पिल्ले उरलीच, तर ती घरच्या पेटीतच राहू द्या. त्यांना लागते तरी कितीसे खाद्य!