मोजक्या इंधनावरचे उड्डाण

इंधन कमी झाल्याने लष्करी हेलिकॉप्टर शेतात उतरले की वृत्तपत्रांत ‘अपघात टळला’ असे मथळे झळकतात. वस्तुतः इंजिन चालू असतानाच जागा हेरून उतरणाऱ्या वैमानिकाने कर्तव्यच बजावलेले असते.

मुळात इंधन कमी का पडते? सियाचिनच्या विरळ हवेत ‘चीता’ची भारवहनक्षमता इतकी घटते की, चौकीवर रसद पोहोचवायची तर इंधनच मोजके भरावे लागते. वारा फिरला की हे गणित कोलमडते. जाब विचारायचा तो दिल्लीला! १९७०च्या दशकातील या एक-इंजिनी हेलिकॉप्टरांच्या जागी १९७ नवी घेण्याची प्रक्रिया २००७ मध्ये रद्द झाली आणि २०१४ मध्ये पुन्हा रद्द झाली. दोन्ही वेळी सत्तेवर भिन्न पक्ष होते, हेही सुज्ञ वाचकांनी ध्यानात घ्यावे.