भट्टी झळकते, शिवणारी बाई कुठे?

मैत्रिणींनो, फोटो खोटं बोलत नाही म्हणतात. पण फोटोचे पैसे कोण देतं, हे आधी विचारा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या कंपन्यांनी आपल्या कारखान्यांचे देखणे फोटो काढून घेतले. मॉरिस ब्रूमफिल्ड हा त्यातला नावाजलेला फोटोग्राफर. १९५४ साली त्याने डॅगनमच्या फोर्ड कारखान्यातली धगधगती भट्टी टिपली. तो स्वतः पंधराव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात लागलेला. त्याने कामगाराला प्रतिष्ठा दिली, असं चाहते सांगतात. दिली, मान्य. पण फोटो मागवणारी होती कंपनी. म्हणून फोटोखाली कंपनीचं नाव येतं, कामगाराचं क्वचितच. आणि त्या झगमगाटात मजुरी तर दिसतच नाही.

त्याच डॅगनममध्ये बाया गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत. कंपनीने त्यांचं काम कमी कौशल्याचं ठरवलं. वर त्या श्रेणीतल्या पुरुषांच्या ८५ टक्केच मजुरी! ७ जून १९६८ ला १८७ जणी संपावर गेल्या. तीन आठवड्यांनी ९२ टक्क्यांवर तडजोड झाली. १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा आला. पण वरची श्रेणी मिळायला १९८४ उजाडलं, तेही पुन्हा संप करून. भट्टीपुढचा पुरुष बघताक्षणी कुशल वाटतो. शिवण मात्र ‘बायकांना येतेच’. ही नजर फोटोने निर्माण केली नाही, पण पक्की जरूर केली.

१९७६ साली लंडनच्या ग्रनविकमध्ये, जिथे लोकांचे फोटो धुतले जात, तिथून गुजरातच्या जयाबेन देसाई आणि त्यांच्या सोबतिणी बाहेर पडल्या. संप जवळपास दोन वर्षं चालला आणि हरला. वर्तमानपत्रांना दिसल्या ‘साडीतल्या संपकरी’. सक्तीचा ओव्हरटाइम आणि युनियनचा हक्क साडीच्या निऱ्यांत हरवला!

मग कॅमेरा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. तो हातात घ्यायचा. १९७५ मध्ये हॅकनी फ्लॅशर्स या बायांच्या गटाने तेच केलं. आपल्याच भागातल्या कष्टकरी बायांचे फोटो काढून ‘स्त्रिया आणि काम’ हे प्रदर्शन भरवलं.

आपणही मोर्च्यांचे, बैठकांचे फोटो काढतो. खाली ‘महिला कामगार’ एवढंच लिहून मोकळ्या होतो. यापुढे तिला विचारून नाव लिहा. काम लिहा. आणि मजुरीचा आकडा लिहायला विसरू नका.