टायर उचलले, पण ते गेले कोठे?

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिकेचा कीटकनाशक विभाग टाकाऊ टायर हटविण्याची मोहीम हाती घेतो. तिच्या आवश्यकतेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. टायर कसाही कलंडला तरी त्याच्या पोकळीतील पाणी पुरते निथळत नाही. अशा पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास आठ-दहा दिवसांत पूर्णावस्थेस पोहोचतो. त्याची अंडी तर पाणी आटल्यावरही कित्येक महिने तग धरतात. १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे एडिसची एक आशियाई जात आढळली, तेव्हा ती आशियातून आलेल्या जुन्या टायरांतून पोहोचली असावी, असाच निष्कर्ष निघाला. तात्पर्य, टायर नुसता हलविणे म्हणजे संकटाचा पत्ता बदलणे होय.

म्हणूनच उचललेल्या टायरांच्या संख्येवर मोहिमेचे यश मोजणे फसवे ठरते. झोपडीच्या छपरावरील टायर हा तेथे राहणाऱ्याच्या लेखी कचरा नव्हे; ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेले ते वजन असते. दुसरी सोय न करता ते नेले, तर त्या जागी नवा टायर चढणारच. त्याला चारी बाजूंनी भोके पाडून देण्याचा साधा उपायही नोटिशीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

त्याहून गंभीर प्रश्न पुढचा आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात जुने टायर भट्टीत तापवून तेल काढणारे कारखाने आहेत आणि त्यांच्या धुराविषयी तेथील ग्रामस्थ सातत्याने तक्रारी करीत आले आहेत. शहराने आपला डास घालवावा आणि खेड्याने काजळी सोसावी, याला स्वच्छता म्हणता येणार नाही.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम करून टाकाऊ टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक व आयातदार यांच्यावर टाकली आहे. परंतु पंक्चरच्या दुकानामागे पडलेला टायर आपल्या पायांनी कारखान्यात जात नाही. तो गोळा करणारा भंगारवाला या व्यवस्थेत रीतसर सामावून घेतला पाहिजे, आणि प्रत्येक प्रभागातून किती टायर उचलले व ते अखेर कोणाच्या हाती गेले, याचा हिशेब महापालिकेने दरवर्षी जाहीर केला पाहिजे. तो मागण्याचा अधिकार मुंबईकरांइतकाच वाड्याच्या ग्रामस्थांनाही आहे.